दिवाळं काढण्याचा खर्च

नांदेडजवळच्या लोहा गावच्या आमच्या साडूंइतका संशयी माणूस उभ्या मराठवाड्यात दुसरा नसेल. एसटीत बसले की तिकिटावरचं गाव दोनदा वाचतील, चहा आला की आधी माझ्या कपात डोकावतील, आणि रस्त्यात कुणी "बरंय ना?" म्हटलं तर यानं असं का विचारलं असेल याचा दिवसभर विचार करतील. त्यांचं मंडपाचं दुकान होतं. पडदे ते स्वतः मोजत, मग गड्याकडून मोजून घेत, आणि दोन्ही आकडे जुळले की डोळे बारीक करून म्हणत, "जुळले कसे?"

एवढी राखण करूनही दुकान बुडालं. लग्नं मंगल कार्यालयांत होऊ लागली आणि मंडपासाठी काढलेलं कर्ज तेवढं मागं राहिलं. नांदेडच्या कोर्टात नादारीचा अर्ज करता येतो असं कळलं, तेव्हा मी त्यांना ओळखीच्या एका वकीलबाईंकडे नेलं. बाईंनी शांतपणे खर्च सांगितला: फी, स्टँप, नोटरी, पेपरातली नोटीस. साडू उठूनच उभे राहिले.

"म्हंजे दिवाळं काढायला बी आधी पैसा पाह्यजे? मंग माझ्यासारख्यानं कुठं जावं वो?"

जिना उतरताना माझ्या कानाशी लागले, "ही बाई सावकाराच्या नात्यातली असंल."

दुसऱ्या दिवशी आम्ही लातूरला. तिथल्या वकिलांनी फी निम्मीच सांगितली, तर साडूंचा संशय दुप्पट झाला. "एवढी कमी? काय तरी लपवून राहिला हा." स्टँपासाठी बाजूला ठेवलेले पैसे त्या फेरीतच संपले.

शेवटी पुन्हा नांदेड. बाई म्हणाल्या, "काका, माझी फी सवडीनं द्या. पण घरात जे आहे त्याची खरी यादी करून आणा."

रविवारी मी लोह्याला गेलो, तर साडू कपाट सताड उघडं टाकून यादी करत होते. दोन पलंग, शेगडी, शिलाई मशीन, लाल गालिचा. पान अर्धंही भरलं नव्हतं. माझ्या मेहुणीनं कानातली फुलं काढून पुढं ठेवली.

"हे बी लिवा. खोटं नको."

साडूंनी यादी जवळ ओढली. मग त्यांनी लिहिलं.

अर्ज दाखल झाला. निकाल अजून यायचा आहे. परवा कोर्टाच्या तारखेसाठी मी फोन केला, सकाळच्या गाडीनं या म्हटलं. "तुम्ही म्हणाल तसं," ते म्हणाले. कुठली गाडी, सकाळचीच का, काही विचारलं नाही. मला बरं वाटायला हवं होतं. फोन ठेवला, आणि कितीतरी वेळ करमेना.