काचेवरचे चार भाऊ

माझे वडील आठवडाभर सेक्रेटरिएटात कारकून असत आणि रविवारी भाऊ. भाऊ म्हणजे टेकडीपलीकडच्या बंगल्यातल्या गुप्त मंडळाचे सभासद. गावात त्याला भुताचा बंगला म्हणत. भुतं बरी हो! आत काही साहेब आणि दोन-चार वकील कमरेला रेशमी फडकं बांधून एकमेकांना बंधू म्हणत बसत. एवढे मोठाले बाप्ये दार लावून खेळणार, तर भातुकली तरी खेळावी.

मंडळाकडे विलायतेहून आणलेला जादूचा कंदील होता. आत रॉकेलचा दिवा, पुढे पितळी नळी, मध्ये रंगवलेल्या काचा. नव्या बंधूला अंधारात बसवून पडद्यावर चित्रं दाखवायची: शिडी, कवटी, ढगातून बघणारा डोळा. मग मंडळाच्या ब्रीदाची चित्रं. आजारी भावाच्या उशाशी बसलेले भाऊ. आणि सगळ्यात शेवटी, मेलेल्या भावाला खांद्यावर घेतलेले चौघं.

कंदील चालवायचं काम वडिलांकडे होतं. साहेबांना हात काळे करायचे नव्हते, बस, एवढंच. पण वडिलांना तो केवढा मान वाटे! काचांची पेटी ते घरी आणत, मलमलीने पुसत आणि रविवारी दुपारी खिडक्या लावून आमच्या भिंतीवर तालीम करत. त्या चौघांची काच आली की त्यांचा आवाज भरून येई. आई स्वयंपाकघरातून विचारी, "काहूनजी, एवढे भाऊ तुमचे, एकही कधी घरी पाणी प्याले आला नाही?"

"तुले नाही समजत," वडील म्हणत.

बंगल्यात सगळ्या जातींची माणसं एका टेबलावर जेवतात, हे आमच्या जातीत कळलं. पंच बसले. प्रायश्चित्त घे, नाहीतर वाळीत टाकतो. हेच पंच सीताबर्डीच्या हॉटेलात मागच्या दाराने आम्लेट खायला जात, हे आमच्या सगळ्या सक्करदऱ्याला ठाऊक. वडिलांनी प्रायश्चित्त घेतलं नाही. "मले भाऊ आहेत," म्हणाले. त्या दिवसापासून आमच्या उंबऱ्यावर जातीचं कुत्रंही फिरकलं नाही.

एका उन्हाळ्यात ते तापाने अंथरुणाला खिळले. उशाशी आई आणि मी. ब्रीदवाले भाऊ बहुतेक थंड हवेला गेले असावेत. एका सकाळी वडील गेले.

मी तेव्हा कॉलेजात होतो. मडकं मला धरायचं, आणि खांद्याला चार माणसं हवीत. उमरेडहून आलेला मामा, तो एक. उरलेले तीन शोधायला मी निघालो. आधी पंचांकडे. मुख्य पंच ओट्यावर पान लावत होते. मान वर न करता म्हणाले, "त्याच्या भावांले बलाव ना गा. आम्ही कोण त्याचे?"

तिथून उन्हात धरमपेठ गाठली. मंडळाचे चिटणीस वकील होते. बाहेर आले, चेहरा पाडला, माझा हात हातात घेतला आणि अंगठ्याने बोटाच्या पेरावर हळूच दाबलं. ती त्यांची गुप्त खूण! बाप घरात पडलेला आणि हा शहाणा मला खूण करतो. म्हणाले, "आमच्या मंडळाचा दंडकच आहे, कोणाच्या धर्मात हात घालायचा नाही. तुमचे संस्कार तुमच्या जातीकडून होऊ द्या. आम्ही दुःखात सहभागी आहोत."

दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. माझ्या बापाला दोन्ही घरांनी मेल्यावरही उपाशी ठेवलं. शेवटी शेजारच्या गाडीवानाची रेंगी आणली. मामा, गाडीवान आणि मी, आम्ही वडिलांना उचलून त्या बैलगाडीत ठेवलं. घाटापर्यंत वाटेतल्या खड्ड्यांनी त्यांचं डोकं हलत होतं आणि मी मडकं घेऊन पुढे चालत होतो. त्या हलण्याचा राग माझा अजून गेलेला नाही.

तिसऱ्या दिवशी चिटणीस आमच्या दारात हजर. मला वाटलं, लाज वाटली असेल. कसली लाज! काचांची पेटी हवी होती. संध्याकाळी बंगल्यात वडिलांची शोकसभा होती म्हणे, आणि ब्रीदाची चित्रं दाखवल्याशिवाय शोकसभा व्हायची कशी?

आई आतून पेटी घेऊन आली. ती उंबऱ्यात ठेवली, झाकण उघडलं आणि एकेक काच उजेडाकडे धरून पाहू लागली. चौघांची काच सापडली तशी ती पदराखाली घेतली.

"बाई, तीच तर आज मुख्य आहे," चिटणीस म्हणाले.

"दाखवाले चौघं हायेत तुमच्यापाशी," आई म्हणाली. "उचलाले नोते?"

चिटणीसांनी पेटीचं झाकण लावलं.

"बाकी समदं न्या. हे चौघं राहू द्या. माह्या वेळेले लागतीन."

आई आत गेली. चिटणीसांनी पेटी उचलायला एक कडी धरली आणि दुसऱ्या कडीसाठी माझ्याकडे पाहिलं. पेटी जड होती. मी हात लावला नाही.