पिशवीतले फ्यूज

काल घरातला जुना बोर्ड काढताना चिनीमातीचा फ्यूज हातात आला. त्याच्या थंडगार स्पर्शानं माझा माझ्यावरचाच जुना राग उसळला.

मॅट्रिक होऊन वीज मंडळात लाईनवर लागलो तो दुष्काळाचा उन्हाळा. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. निलंग्याजवळच्या एका गावात पाण्याच्या मोटारीची तार तुटली होती. खांबावर चढण्याआधी डीपीच्या पेटीतले तिन्ही फ्यूज काढून आपल्याच पिशवीत ठेवायचे, म्हणजे खालून कुणी लाईन चालू करत नाही, हे जुन्या लाईनमननं माझ्याकडून घोकून घेतलं होतं. तसंच केलं. तार जोडून उतरलो, तोच लातूरची एसटी दिसली. रुजू झाल्याचे कागद द्यायचे होते. पळत जाऊन धरली.

"याच्यावर जुन्या जिल्ह्याची सही लागती," लातूरच्या कचेरीतल्या कारकुनानं कागद परत सरकवले. चडफडत ते पिशवीत कोंबले, तर खाली तिन्ही फ्यूज!

गावात परतलो तेव्हा ऊन उतरलं होतं. बाया सकाळपासून कोरड्या हौदाजवळ बसून होत्या. धावत जाऊन फ्यूज बसवले. मोटार गप्पच.

"लाईटची पाळी गेली, लेकरा," एक म्हातारी म्हणाली. "आता उद्याच."

बायांनी रिकाम्या घागरी उचलल्या. एकीनंही मला शिवी दिली नाही. द्यायला पाहिजे होती.