आईच्या गुडघ्यांवरचं चूर्ण
सुंठ कुटताना वास सुटला, की मुलुंडची आमची औषध-तपासणीची लॅब आठवते. आई गुडघ्यांसाठी घेत होती ते 'शुद्ध वनस्पती' चूर्ण मी सहज तिथे तपासलं होतं. महिन्याभरात ती नाहूरच्या घराचे जिने भराभर चढायला लागली होती, चेहराही भरला होता. चूर्णात सुंठ होतीच, सोबत स्टिरॉइडही निघालं. "चेहरा भरला नाहीये गं, स्टिरॉइडने सुजलाय," मी आईचं सांगितल्यावर लॅबमधली मैत्रीण म्हणाली. डबा फेकून दे म्हणून सांगायला मी आईला फोन लावला, तर मैत्रिणीने माझं मनगट धरलं. "एकदम बंद केलं तर अजून वाट लागेल. आधी डॉक्टर." तेवढ्यात आईने फोन उचलला. "अगं, आज कुठेही न थांबता वर आले," ती हसत म्हणाली. आजही कुणी 'लगेच गुण आला' म्हणालं, की मी आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघते.