लाल रिबिनीची गाठ

त्या दिवशी देवळात कोन कोन होतं ते पयले सांगतो. फादर होते, केरळाकडचे, नवीनच आलते. माही पोरगी लुसी होती. लुसीची होनारी सासू मार्थाबाई होती, कामठीची. आमच्या चाळीतली फिलोमिनाबाई होती, जिच्या तोंडाले कुलूप नवतं. आन लाइनीत माह्या मांगं एक काटोलची बाई उभी होती, तिचं नाव मले अजूनई ठाऊक नाई. माहे मालक मिलमदी ड्युटीवर होते. ते नवते हेच बरं झालं.

मी देवळाची झाडलोट करत होती. आमच्यात मेनबत्त्यांच्या सनाच्या दुसऱ्या दिवशी संत ब्लेझचा सन येते. हा संत गळ्याच्या दुखन्याचा. एका पोराच्या नरड्यात माशाचा काटा अडकलता, तो यानं काढला म्हनतात. त्या दिवशी फादर दोन लांब मेनबत्त्या एकमेकीवर ठेवून कैचीसारख्या धरतात, आन एकेकाच्या गळ्याले लावून आशीर्वाद देतात. ते कैची बांधाचं काम माह्याकडं होतं. पोट्ट्या वेनीले बांधतात तशी लाल रिबीन घ्याची आन मधात गाठ माराची. बांधाची मी, आन गळ्याले लावून घ्याची लोकाईनं. मी दोन वर्सापासून पुढं गेलीच नवती.

काहून, तं माह्या मानेले गाठ आलती. पयले बोराएवढी, मंग तिच्या बाजूले दुसरी, तिसरी. मंग एक फुटली आन वाहाले लागली. हळद लावली, पाला बांधला. नव दिवसाची प्रार्थना केली, तेई दोनदा. काही फरक नाई. मले वाटे, देव सगळ्याईचं आयकते, झाडूवालीचं आयकाले त्याले सवड नाई. घरात कोनाले दाखोलं नाई. लुसीची सोयरीक जुळून राहिली होती. आईच्या अंगात असा रोग हाय हे कळलं असतं तं कोन पोरगी केली असती? म्हनून मी पदराचे दोन वेढे मानेले देऊन फिरे. आमच्या नागपूरच्या मे महिन्यातई. नळावर फिलोमिनाबाई म्हने, "काय वं, तुले काश्मीरची थंडी वाजते का? का मानेत सोन्याचा गोफ घातला?" बाया हासत. मीबी हासे. घरी येऊन चिंधी बदलाची आन वास जावा म्हनून चुलीत जाळाची.

त्या सालीबी मी मांगच बसली असती. पन मार्थाबाई मुद्दाम कामठीवरून आलती, माह्या बाजूलेच बसली होती. लाइन लागली तशी उठली आन म्हने, "चाला विहीनबाई, तुमी काहून बसल्या?" नाई म्हनाले तोंड नवतं. उठली. ते लुसीले घेऊन पुढं झाली, मी मांगं. माह्या मांगं ते काटोलची बाई. लुसीनं मंग सांगतलं, तिच्या कपाळाले भलं मोठं कुकू होतं आन काखेत संत्र्याचं रिकामं टोपलं. ते आपल्या धर्माची नवती. कोनं तरी तिले सांगतलं होतं का इथं गळ्याचा बाबा हाय, तिले खोकला होता, म्हनून आलती.

माही पाळी आली. फादरनं कैची माह्या गळ्याशी आनली, तं ते बसेचना. सगळ्या लोकाईच्या गळ्याले बसली, माह्याच नाई. त्या साली मी गाठ लय घट्ट मारलती, कैची तोंड उघडेना. आन माही मान सुजलेली, वरून पदराचे वेढे. फादरनं एकदा पाह्यलं, दोनदा पाह्यलं. मंग हळूच म्हनाले, "कपडा हटाओ, माँ." मी हालली नाई. त्याईले वाटलं मले आयकू आलं नाई. त्याईनं सहज पदराले हात लावला, आन वेढे सुटले. हळदीची चिंधी सुटून खाली पडली.

मार्थाबाईनं पदर नाकाले लावला, लुसीचा हात सोडला आन जाऊन दुसऱ्या बाकावर बसली. मी खाली पाह्यलं. त्या घडीले मरन आलं असतं तं मी हो म्हनली असती. फादर मात्र मांगं सरले नाई. त्याईनं ते कैची तशीच वाहत्या गाठीले टेकोली आन पूर्न आशीर्वाद म्हनला.

तेवढ्यात मांगून आवाज आला, "अवो बाई, हे तं गंडमाळ होय! माह्या सुनेले अशीच आलती. सुया घेतल्या, गोळ्या खाल्ल्या, आता दोन लेकराची माय हाय. लपवून काहून ठेवली वं? मराचं हाय का तुले?" माह्या मनात आलं, हिची जीभ झडो. पन तिनं माहा हात धरला. आपला आशीर्वाद घ्याचाई राहून गेला तिचा. टोपलं देवळाच्या दारात ठेवलं आन मले अन् लुसीले घेऊन सरकारी दवाखान्यात गेली, डाक्टरपाशी उभं केलं, आन मंग म्हने, "आता माही काटोलची मोटार जाईन." गेली.

डाक्टरनं सांगतलं, क्षय हाय, मानेतून छातीत उतराले लागला. सालभराच्या वर सुया-गोळ्या चालल्या. मी वाचली. सोयरीक मोडली. मी रडली तवा लुसी म्हने, "सासू दुसरी भेटन मा, तुले कुठून आनू?" पुढं तिले चांगलं घर भेटलं.

मी देवाले म्हनत होती, माही गाठ झाकून ठेव. त्यानं माह्याच हातानं रिबिनीची गाठ घट्ट मारून घेतली आन मानेची उघडी केली. देवाले आपन बरं कर म्हनतो, पन उघडं होऊ देत नाई. अजूनबी ते आठवलं का मान खाली जाते. आन एक लाज तं जाईनाच. दवाखान्यापर्यंत मी त्या बाईकडं मान वर करून पाह्यलंच नाई. मले तिचे पायच ठाऊक, भेगाळलेल्या टाचा आन झिजलेली जोडवी. संत्र्याच्या दिवसात टोपलंवाल्या बायाईत मी लय वर्सं ते पाय शोधले. पुन्हा तिची गाठ पडली नाई. म्हनून संत ब्लेझच्या सनाले मी एक मेनबत्ती तिच्या नावानं लावतो, नाव ठाऊक नसून.

हे जो कोनी वाचन, त्याले माहं एकच मांगनं हाय. तुमच्या घरात, शेजारात कोनी बाई भर उन्हाळ्यात मान झाकून फिरत असन, तं तिले हासू नका. जवळ जाऊन काहून म्हनून विचारा.