दिवेआगर ते पनवेल, बाळाला झोपू न देता

आमच्या होमस्टेला येणाऱ्यांसाठी 'दिवेआगरला कसं यायचं' हे मी या ब्लॉगवर इतक्यांदा लिहिलंय की आता मलाच कंटाळा आलाय. आज उलटा रस्ता सांगते. दिवेआगरहून पनवेल, आठ महिन्यांच्या मुलीला घेऊन, आणि तिला वाटेत अजिबात झोपू न देता. अशाच कामाला निघालेलं कुणी असेल तर त्यांना उपयोग होईल, बाकीच्यांनी रस्त्यापुरतं वाचा.

आमची रेवा जन्मानंतरच्या कानांच्या तपासणीत दोनदा पास झाली नव्हती. म्हणून डॉक्टरांनी बेरा टेस्ट सांगितली. बाळ गाढ झोपलेलं असताना कपाळाला आणि कानामागे वायरी चिकटवतात, कानात आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत काही पोचतंय का ते बघतात. ही टेस्ट पनवेलला होते; तिथल्या मॅडमनी फोनवर बजावलं होतं की रात्री उशिरा झोपवा, पहाटे उठवा, वाटेत डोळा लागू देऊ नका आणि डोक्याला तेल लावू नका. तेलावरून आई, म्हणजे माझ्या सासूबाई, रुसून बसल्या. घरच्या वाडीतल्या नारळाचं तेल आणि नातीच्या टाळूला नाही, हे त्यांच्या पचनी पडेना.

पहाटे निघालो. गाडी मंदार, माझा नवरा, चालवत होता. मागे आई, मी आणि रेवा. म्हसळ्यापर्यंत रस्ता ठीक आहे, पुढे घाटाची वळणं लागली की मोठी माणसंही पेंगतात, मग तिचं काय सांगावं. मी तिच्या तळपायाला गुदगुल्या केल्या, गालाला ओलं फडकं लावलं, काच खाली केली. हाक मारून उपयोग होतो की नाही, तेच तर बघायला निघालो होतो. सकाळपासून माझे स्वतःचेच डोळे चुरचुरत होते.

माणगावच्या बाजारात शिरू नका, अडकाल. आम्ही बाजाराच्या अलीकडेच एका छोट्या हॉटेलात थांबलो. मिसळ बरी, चहा अतिगोड, पण बाथरूम स्वच्छ, आणि बाळ बरोबर असलं की एवढंच बघायचं असतं. मंदार डिझेल भरायला गेला, मी हातपाय धुवायला. परत येऊन बघते तर रेवा आजीच्या खांद्यावर गाढ झोपलेली.

"लागला बाई डोळा," आई म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. पण भांडायलाही अंगात त्राण लागतं. तिला उठवायचे सगळे उपाय करून झाले, ती ढिम्म. कोलाड गेलं, नागोठणं गेलं, हायवेच्या खड्ड्यांतही जागी झाली नाही. पनवेल आल्यावर मात्र डोळे उघडून अशी हसली, जणू पिकनिकला आलोय.

व्हायचं तेच झालं. अंधाऱ्या खोलीत रेवाने एकेक वायर उपटून काढली. मॅडम म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात या, नाहीतर थांबा, शेवटच्या पेशंटनंतर परत बघू. खरं सांगते, 'पुढच्या आठवड्यात' हे ऐकून क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. लगेच स्वतःचा रागही आला.

बाहेर बाकावर आई हळूच म्हणाल्या, "मी मुद्दाम थोपटलं गं तिला. म्हटलं, आजचा दिवस तरी नको कळायला."

एरवी मी केवढं भांडले असते. मी म्हटलं, "आई, मलाही आत्ता तसंच वाटलं."

 त्या रेवाला कडेवर घेऊन उठल्या आणि म्हणाल्या, "थांबू या आपण." सगळी दुपार त्या तिला घेऊन पॅसेजमध्ये फेऱ्या मारत होत्या. ती पेंगायला लागली की खिडकीशी नेऊन रिक्षा दाखवायच्या. कुणी बाई 'द्या इकडे, थोपटते' म्हणाली तर तिला सरळ नाही म्हणायच्या. पाय सुजले तरी बसल्या नाहीत.

संध्याकाळी रेवा दूध पिता पिता झोपली आणि टेस्ट झाली. दोन्ही कान, अगदी मोठ्या आवाजालाही प्रतिसाद नाही. आधी कानाला ऐकायचं मशीन लावून बघू, मग ऑपरेशनचं ठरवू, लवकर आलात हे बरं झालं, असं मॅडम म्हणाल्या. मंदार पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारत होता. मला रडू फुटलं आणि मी ते आवरलं नाही.

तुम्ही जाणार असाल तर मुक्कामाची तयारी ठेवूनच जा, उगाच त्याच दिवशी परतायची घाई नको. आम्ही जवळच्या लॉजवर राहिलो आणि दुसऱ्या दिवशी निघालो. येताना रेवा वाटभर झोपली आणि तिला कुणी उठवलं नाही.

या प्रवासातून काय आणलं विचाराल तर मशीनसाठी कानाची मापं द्यायला जायची पुढची तारीख, आणि एक शीण, जो अजून उतरलेला नाही. कळलं ते बरं झालं, असं अजून रोज वाटत नाही, काही दिवशी वाटतं.

त्या दिवशी घरी पोचलो तर शेजारच्या नलूकाकू आल्याच. अंगणात चटईवर खेळणाऱ्या रेवाकडे बघत त्यांनी आईंच्या कानाशी लागून विचारलं, काय म्हणाले डॉक्टर. मी आत वळले, मला ते सांगवणार नव्हतं.

"तिला ऐकू येत नाही. मशीन लावायचंय," आईंनी खणखणीत सांगितलं. "आणि कुजबुजतेस कशाला? तिच्यासमोर बस, तोंड दिसू दे तिला, आणि मोठ्याने बोल."

नलूकाकू गांगरल्या. मग पदर सावरून रेवासमोर मांडी घालून बसल्या आणि दुसरं काही सुचेना म्हणून, यंदा सुपारी सोलायला माणसंच मिळत नाहीत, असं तिला मोठमोठ्याने सांगू लागल्या.