काढ्यावरचा आळ

आरमोरीजवळच्या त्या गावात बायनाबाईने न्हाऊ न घातलेलं लेकरू सापडणं कठीण होतं. बाळंतिणीच्या घरून बोलावणं आलं की शेतातली धानाची रोवणी अर्धवट टाकून ती जायची. पण तिची नात खुशबू गेली, आणि तिने दुसऱ्याचं मूल हातात घेणं सोडलं. पुढे बोलावणंही येईनासं झालं.

खुशबूला तिसरं वर्ष लागलं होतं. ताप आला, उलट्या झाल्या. बायनाबाईने भुईनिंबाचा काढा पाजून तिला निजवलं. सकाळी पोर उठेना. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत तिचं लिव्हर निकामी झालं होतं.

"काही झाडपाला पाजला होता का?" तिथल्या डॉक्टरांनी विचारलं होतं.

सून संघप्रियाने सासूकडे पाहिलं होतं. पोर वाचली नाही. त्यानंतर घरात दोघींचं बोलणं कामापुरतं उरलं, तेही बायनाबाईचा मुलगा अश्वजित मध्ये असला तर. गावात मात्र उघड म्हणत, म्हातारीच्या काढ्याने पोर गेली.

बायनाबाईला छळत होतं ते वेगळंच. धान पाखडताना, चुलीपुढे बसताना मागून बारीक आवाज यायचा, "आजी, पेज दे ना." ती वळायची. मागे कोणी नसायचं. त्या संध्याकाळी खुशबूने खरोखरच पेज मागितली होती. तापात पोट रिकामं ठेवावं, असं बायनाबाई लहानपणापासून ऐकत आली होती. "उद्या देतो माय," असं म्हणून तिने पोरीला थोपटलं होतं. हे ती कोणाला सांगू शकली नव्हती.

पुढे संघप्रियाला मुलगा झाला, अश्विन. दीड वर्षाचा असताना त्यालाही ताप आला. सकाळपासून तो दूध घेईना आणि दुपारी त्याने मान टाकली. संघप्रियाने त्याला उचललं आणि रस्त्यावर धावत जाऊन जीप थांबवली. बायनाबाई अनवाणीच मागे चढली.

ब्रह्मपुरीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आधी साखर तपासली. फारच उतरली होती. शिरेतून ग्लुकोज सुरू केल्यावर काही वेळाने पोराने डोळे उघडले.

"याच्या आधीचं मूल गेलंय का?" बाईंनी विचारलं. सगळं ऐकून घेतलं आणि रक्त तपासायला बाहेर पाठवलं.

अहवाल आल्यावर त्यांनी अश्वजित आणि संघप्रियाला समोर बसवलं. "पोट रिकामं राहिलं की शरीर साठवलेली चरबी वापरतं. याच्या शरीराला ते जमत नाही. जन्मापासूनच. ताप आला, खाणं सुटलं, की साखर उतरते, लिव्हर बिघडतं. बहुतेक बहिणीलाही हेच होतं."

"अन् तो काढा?" दाराशी उभ्या बायनाबाईने विचारलं.

"काढ्याने नसावं, आजी. उपाशी राहिल्याने."

बाहेरच्या बाकावर संघप्रियाने सासूचा हात धरला. "आई, मी तुमच्यावर उगाच आळ घेतला."

बायनाबाईने हात सोडवून घेतला. "तसं नको म्हणू. पोरगी पेज मांगत होती. मीच नाई देली."

संघप्रिया हळूच म्हणाली, "मीबी बाजूच्या खोलीतच होतो. मले ऐकू आलं होतं. आताही येते."

अश्वजितने आणलेला चहा तसाच थंड झाला.

अश्विन आता चार वर्षांचा आहे. अंग जरा कोमट लागलं की घरचे औषधाने उतार पडण्याची वाट न पाहता ब्रह्मपुरी गाठतात. गेल्या हिवाळ्यात त्याला तिथे ठेवावं लागलं होतं, पण तो हसत घरी आला. परवा दुपारी खेळून दमला आणि न जेवताच ओट्यावर झोपला. दोघी एकदमच धावल्या. संघप्रियाने त्याला हलवून उठवलं, तसा तो चिडून मोठ्याने रडू लागला.

"रडू दे," ती म्हणाली.

बायनाबाईने वरणभाताचा घास त्याच्या तोंडात कोंबला आणि दुसरा कालवायला घेतला.