लाल गाडीतल्या काकी

गोरेगावातल्या माझ्या गॅरेजात एका दुपारी लाल स्पोर्ट्स कार आली आणि तिच्यातून सत्तरीच्या काकी उतरल्या. केसांत अबोली, पायांत पांढरे बूट.

"इंजिन तापल्याचा दिवा लागतोय," त्या म्हणाल्या. "मुलगा म्हणतो, विकून टाक. खरं सांग हां, इंजिन गेलं काय?"

"दिवा कधी लागतो?"

"सिग्नलला उभी राहिली की. पळवली की विझतो."

म्हणजे संशय रेडिएटरच्या पंख्यावर. इंजिन चालू ठेवून पाहिलं, तर पंखा ढिम्म. काकी बाजूला उभ्या राहून गाडीला लेकरासारखं थोपटत होत्या. इंजिन बंद करून टॉर्च मारला, तर पंख्याची वायर उंदराने कुरतडलेली आणि शेजारी अर्धा सुका बोंबील.

काकींनी तो उचलून हुंगला. "मेला! माझ्याच गच्चीवरचा हा!"

"इंजिन झकास आहे, काकी. वायर बदलतो. पण उंदीर परत येईल हां."

"येऊ दे रे. आमच्या घरात ही गाडी माझ्याशिवाय आणखी कुणाला तरी आवडली ना!"

उंदराला शिव्या घालणारी गिऱ्हाईकं मला रोज भेटतात. त्याच्यात आपला माणूस शोधणाऱ्या त्या एकट्याच.